मनात क्वांटम शिरला कुठून? आत्याच्या एका फॉरवर्डचं उत्तर

काही दिवसांपूर्वी आमच्या फॅमिली ग्रुपवर आत्याने एक मेसेज टाकला. वर निळ्याजांभळ्या आकाशगंगेचं चित्र आणि खाली ठळक अक्षरात : ‘नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाने सिद्ध केले, आत्मा अमर आहे! क्वांटम फिजिक्सने दिला पुरावा.’ एरवी असल्या मेसेजवर मी हात जोडल्याचं चिन्ह टाकून पुढे सरकतो. या वेळी मात्र खाली आत्याने स्वतः टाइप केलं होतं, ‘अरे, हे खरं आहे का?’ काका जाऊन तेव्हा आठच महिने झाले होते. हात जोडून भागणार नव्हतं.

तर त्या मेसेजमधलं खरं काय, ते आधी सांगतो. शास्त्रज्ञ खरे आहेत : ब्रिटिश गणिती रॉजर पेनरोझ. नोबेलही खरं, २०२० चं. पण ते मिळालं कृष्णविवरांवरच्या कामासाठी. आत्म्याचा, मनाचा, मेंदूचा त्या पारितोषिकाशी काडीचा संबंध नाही. मन आणि क्वांटम यांच्याबद्दल पेनरोझ यांनी एक धाडसी कल्पना मांडली, हेही खरं. तिला पस्तीसेक वर्षं झाली आणि ती अजून सिद्ध झालेली नाही. ‘सिद्ध केले’ हे दोन शब्द कोणीतरी वाटेत चिकटवले.

ती कल्पना मात्र फेकून देण्यासारखी नाही. ती समजून घेताना गोंधळ उडतो, कारण ‘क्वांटम आणि मन’ या नावाखाली तीन वेगवेगळे दावे एकाच पिशवीत कोंबलेले असतात. आपण पाहिल्यामुळे वस्तू बदलते, हा पहिला. मेंदू क्वांटम करामती वापरून चालतो, हा दुसरा. आणि आपल्याला ‘जाणीव’ का असते ते क्वांटमने उलगडतं, हा तिसरा. माझ्या मते पहिला चूक आहे, दुसरा तपासता येतो आणि तपासायला हवा, आणि तिसऱ्याला दुसरा खरा निघाला तरी उत्तर मिळत नाही.

क्वांटम : कामापुरतं

तानपुऱ्याची एकच तार छेडा. नीट जुळलेला असेल तर एका तारेतून षड्ज तर ऐकू येतोच, पण कान देणाऱ्याला त्यातच गंधारही ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार एक, पण ती एकाच वेळी अनेक प्रकारांनी थरथरते आहे. अणू-इलेक्ट्रॉनांच्या, म्हणजेच क्वांटमच्या, जगातही असंच चालतं. इलेक्ट्रॉन ‘इथे’ आणि ‘तिथे’ या दोन्ही शक्यता एकत्र बाळगू शकतो. याला सुपरपोझिशन म्हणतात.

फरक पुढे आहे. तानपुऱ्यातून षड्ज आणि गंधार दोन्ही ऐकता येतात. इलेक्ट्रॉन कुठे आहे हे मोजायला गेलात, की दरवेळी एकच उत्तर मिळतं, इथे किंवा तिथे. अनेक शक्यतांतून एकच उरते, यालाच त्या अवस्थेचं ‘कोसळणं’ म्हणतात. हे का आणि कसं होतं, यावर भौतिकशास्त्रज्ञ शंभर वर्षं भांडतायत आणि मनाला या प्रकरणात शिरायला जागा मिळाली ती याच फटीतून.

‘बघितलं की बदलतं’ : पण बघतं कोण?

१९३० च्या दशकात गणिती जॉन फॉन नॉयमन यांनी मोजमापाची साखळी तपासली. इलेक्ट्रॉनाला यंत्र मोजतं, यंत्राला डोळा पाहतो, डोळ्याची खबर मेंदू घेतो. या सगळ्या वस्तू अणूंच्याच, मग शक्यता कोसळते नेमकी कुठल्या कडीवर? १९६१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ यूजीन विग्नर यांनी ती कडी म्हणजे पाहणाऱ्याची जाणीव, असं सुचवलं. विग्नर यांना पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, त्यामुळे या मताला वजन आलं. ‘तुमचे विचार वास्तव घडवतात’ छापाच्या व्याख्यानांचा उगम इथे आहे.

आता व्हिएन्नातला एक प्रयोग जवळून पाहू. सत्तर कार्बन अणूंचा एक गोलसर रेणू असतो. असे रेणू बारीक फटींच्या जाळ्यांमधून सोडले, तर ते लाटेसारखे वागतात आणि पलीकडे पट्ट्यापट्ट्यांची नक्षी उमटते. एकेक रेणू एकाच वेळी अनेक वाटांनी गेल्याची ती खूण. २००४ मध्ये आंतोन त्सायलिंगर यांच्या गटाने हेच रेणू वाटेत लेझरने तापवले. तापलेलं लोखंड जसं लाल होतं, तसे हे रेणू तापून प्रकाशाचे कण बाहेर टाकू लागले. तापमान वाढवत नेलं तशी नक्षी पुसट होत गेली आणि ३००० केल्विनच्या आसपास नाहीशीच झाली.

या रेणूंकडे वाटेत कोणी पाहत नव्हतं. बाहेर पडलेले प्रकाशकण कोणी गोळाही केले नाहीत, ते निर्वात पात्राच्या भिंतींवर जाऊन विरले. तरी नक्षी मोडली, कारण रेणू कुठल्या वाटेने गेला याची खबर त्या कणांबरोबर बाहेर गेली होती.

वाड्यात राहिलेल्यांना हे चटकन समजेल. दार लावून कांदाभजी तळली, तरी वास जिन्यावरून खाली जातो. स्वयंपाकघरात कोणी डोकावलं नाही म्हणून गुपित राहत नाही. क्वांटम अवस्थेचंही तसंच आहे. आजूबाजूची हवा, उष्णता, प्रकाश यांच्यात तिचा ‘वास’ मिसळला, की तिच्यातलं अनेकपण निसटतं. याचं नाव डिकोहेरन्स. हा विचार पुढे आल्यावर विग्नर यांनीही उतारवयात आपलं जुनं मत सोडलं, पण हे फॉरवर्डमध्ये कधीच येत नाही.

डिकोहेरन्सने सगळं कोडं सुटतं असं नाही. अनेक शक्यतांतली नेमकी हीच का उरली, याचं उत्तर त्यात नाही. पण ‘मनाने पाहिल्याशिवाय काही घडत नाही’ या कल्पनेची गरज मात्र उरत नाही.

पेनरोझ यांची वाट निराळी

पेनरोझ यांनी या साखळीला उलटीकडून हात घातला. मन अवस्था कोसळवतं असं ते म्हणत नाहीत. अवस्था आपोआप कोसळते आणि त्या कोसळण्यातून मन उपजतं, असं ते म्हणतात.

सुरुवात गणितापासून. १९३१ मध्ये तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेल यांनी दाखवलं, की पुरेशा ताकदीच्या आणि स्वतःशी विसंगत नसलेल्या कुठल्याही नियमसंचात अशी काही विधानं असतात, जी त्या नियमांनी खरीही ठरवता येत नाहीत आणि खोटीही. (पेनरोझ यांचा जन्मही १९३१ चाच.) १९८९ मध्ये पेनरोझ यांनी युक्तिवाद केला : नियमांत अडकलेलं यंत्र जिथे थांबतं, तिथे माणसाला मात्र ‘हे विधान खरं आहे’ असं दिसतं. म्हणजे मन हा संगणकाचा प्रोग्राम नव्हे. भौतिकशास्त्राचे माहीत असलेले नियम तर संगणकावर मांडता येतात. मग मनाचा उगम असणार तो अजून न उमगलेल्या भौतिकशास्त्रात, आणि ती न उमगलेली जागा म्हणजे क्वांटम अवस्थेचं कोसळणं.

बहुतेक तर्कशास्त्रज्ञांना हा युक्तिवाद पटला नाही, मलाही नाही. गोडेलचा नियम लागू पडतो तो कधीच विसंगत न बोलणाऱ्या व्यवस्थेला. माणूस तसा असतो का? पाढ्यात चुकणारे, काल ठामपणे म्हटलेलं आज फिरवणारे आपण. आपलं मन सुसंगत आहे, हे आपल्याला आतून सिद्ध करता येत नाही. मग यंत्रापेक्षा आपण वरचढ, हा निष्कर्ष डळमळतो.

पण पेनरोझ यांनी कोसळण्याचं कारणही सुचवलं : गुरुत्व. एखादी वस्तू एकाच वेळी दोन जागी असेल, तर अवकाशालाही एकाच वेळी दोन आकार घ्यावे लागतील. निसर्गाला हे फार काळ पेलवत नाही. वस्तू जितकी जड, तितकी ती लवकर एका जागी येणार. मेंदूत हे कुठे घडत असेल, हे मात्र पेनरोझ यांना ठाऊक नव्हतं. ती जागा सुचवली अ‍ॅरिझोनातल्या एका डॉक्टराने, स्टुअर्ट हॅमरॉफ यांनी. आणि ते डॉक्टर भूलतज्ज्ञ होते, हा काही योगायोग नाही.

भूल चढते तेव्हा जातं काय?

तीन वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं. भूल देणाऱ्या बाई म्हणाल्या, ‘शंभरपासून उलटे आकडे म्हणा.’ सत्त्याण्णव म्हटल्याचं आठवतं. पुढचा क्षण थेट रिकव्हरी रूममधला, घशात कोरड आणि समोरच्या घड्याळात दोन तास पुढे गेलेले. झोपेतून उठल्यावर ‘बराच वेळ गेला’ असं आतून वाटतं. इथे तेही नाही. ते दोन तास माझ्यापुरते झालेच नव्हते. पण हृदय चालू होतं आणि मेंदूतल्या पेशीही एकमेकींना निरोप देत होत्या. गेली होती ती फक्त जाणीव.

नंतर राउंडला आल्यावर मी बाईंना विचारलं, ‘त्या औषधाने नेमकं होतं काय?’ त्या हसल्या. ‘किती द्यायचं, कधी थांबवायचं, ते पक्कं ठाऊक आहे. तुम्ही जे विचारताय त्यासाठी वेगळी ओपीडी लागेल.’

१८४६ मध्ये बॉस्टनला ईथर देऊन पहिलं जाहीर ऑपरेशन झालं. तेव्हापासून भुलेची बरीच औषधं सापडली आणि ती पेशींवरच्या कुठल्या कुलपांना लागतात, हेही बऱ्यापैकी कळलं. तरी झेनॉनसारखी उदाहरणं चक्रावतात. झेनॉन हा निष्क्रिय वायू. एरवी कोणाशी रासायनिक सोयरीक न करणारा. तरी तो हुंगवला तर माणूस बेशुद्ध होतो.

हॅमरॉफ यांचं लक्ष पेशींच्या आतल्या सूक्ष्मनलिकांकडे होतं. या पोकळ नळ्या जेमतेम २५ नॅनोमीटर जाडीच्या, ट्युब्युलिन नावाच्या प्रथिनाच्या विटांनी रचलेल्या. पेशीचा सांगाडा त्याच, पेशीतली मालवाहतूकही त्यांच्यावरूनच. भुलेची औषधं या नळ्यांत काम करत असतील आणि जाणीवही तिथेच असेल, असा त्यांचा अंदाज. १९९० च्या दशकात त्यांनी आणि पेनरोझ यांनी मिळून सिद्धान्त मांडला : सूक्ष्मनलिकांतल्या विटा सुपरपोझिशनमध्ये जातात, ती अवस्था गुरुत्वामुळे कोसळते आणि असं प्रत्येक कोसळणं म्हणजे जाणिवेचा एकेक क्षण.

‘पण मेंदू तर गरम आणि ओला!’

हा सर्वांत जुना आक्षेप आणि वजनदारही. क्वांटम संगणकाची चिप निरपेक्ष शून्याच्या (ज्याच्याखाली तापमान जाऊच शकत नाही त्या टोकाच्या) वर एका अंशाच्याही शंभराव्या भागाइतक्या तापमानाला ठेवावी लागते. तरी अवस्था टिकवताना इंजिनियरांच्या नाकी नऊ येतात. मेंदू आहे ३७ अंशांवर, खारट पाण्यात, चहूबाजूंनी धडका खात. भज्यांचा वास लपवायचा आणि तोही भर लग्नाच्या मांडवात!

भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स टेगमार्क यांनी २००० मध्ये हिशेब मांडला. सूक्ष्मनलिकेतली अशी अवस्था फार तर एका सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकी टिकेल. मज्जापेशीला एक निरोप पाठवायला साधारण हजारावा भाग लागतो. म्हणजे तफावत हजार कोटी पटींची. दोन वर्षांनी हॅमरॉफ आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं, की टेगमार्क यांनी गृहीत धरलेली रचना आमची नव्हेच. त्यांच्या हिशेबाने ही अवस्था लाखाव्या ते दहा हजाराव्या भागापर्यंत टिकू शकते. हेही पुरेसं नाहीच, पण दरी बरीच अरुंद झाली. कागदावरचे हिशेब गृहीतकांवर उभे असतात, त्यामुळे हा वाद कागदावर मिटणार नाही.

शिवाय ‘सजीवांत क्वांटम टिकूच शकत नाही’ असं सरसकट म्हणण्याचे दिवस गेले. युरोपातला रॉबिन पक्षी स्थलांतर करताना पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा अंदाज घेतो. त्याच्या डोळ्यातल्या एका प्रथिनात प्रकाश पडला, की इलेक्ट्रॉनांची एक क्वांटम जोडी तयार होते आणि चुंबकक्षेत्राने तिचं वागणं बदलतं, असा कयास आहे. ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या आवारात लाकडी खोल्यांत ठेवलेले रॉबिन दिशा चुकत होते. खोल्यांना अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीला जोडले, तेव्हा पक्ष्यांना पुन्हा दिशा सापडली. शहरातल्या विजेच्या उपकरणांचा अगदी क्षीण रेडिओ-गोंगाट त्यांचं होकायंत्र बिघडवत होता. २०१४ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. इतक्या दुबळ्या लहरींनी साधं, नेहमीचं होकायंत्र बिघडायला नको. म्हणून क्वांटम जोडीचा संशय बळावला.

उलट उदाहरणही सांगायला हवं. २००७ मध्ये प्रकाशसंश्लेषणात क्वांटम लहरी दिसल्या म्हणून खूप गाजावाजा झाला. पुढच्या दहाबारा वर्षांत बारकाईने पाहिल्यावर कळलं, की त्यातलं बरंचसं रेणूंचं साधं थरथरणं होतं. तेव्हा जरा सबुरीने.

आणि ‘सगळी रसायनं क्वांटमच्या नियमांनीच चालतात, म्हणजे मेंदू क्वांटमच की!’ असंही कोणी म्हणतं. बरोबर. त्या अर्थाने तव्यावरची पोळीही क्वांटममुळेच फुगते. प्रश्न तेवढाच नाही. मेंदू आपल्या कामासाठी सुपरपोझिशन टिकवून वापरतो का, हा आहे.

उंदीर आणि ६९ सेकंद

इथे सिद्धान्त प्रयोगशाळेत उतरतो, आणि मला सर्वांत आवडणारा भाग हाच. अमेरिकेतल्या वेलस्ली कॉलेजच्या गटाने २०२४ मध्ये एक साधा प्रयोग छापला. उंदरांना आधी सूक्ष्मनलिका घट्ट करणारं एक औषध दिलं, मग आयसोफ्ल्युरेन या वायूची भूल. बेशुद्धी ओळखायची पद्धत सोपी असते : उंदराला पाठीवर उताणा केला, की शुद्धीतला उंदीर झटकन सरळ होतो, बेशुद्ध होत नाही. औषध घेतलेले उंदीर सरासरी ६९ सेकंद उशिरा बेशुद्ध झाले.

म्हणजे भुलेच्या कामात सूक्ष्मनलिकांचा हात असावा. हॅमरॉफ यांच्या बाजूने हा एक गुण. पण नळ्यांचा हात असणं वेगळं आणि नळ्यांतल्या क्वांटम अवस्थेचा हात असणं वेगळं. पेशीतली मालवाहतूक बदलली म्हणूनही ६९ सेकंदांचा फरक पडू शकतो. शिवाय सूक्ष्मनलिका बटाट्याच्या पेशीतही असतात. बटाट्याला जाणीव असते का, याचं उत्तर या सिद्धान्ताला केव्हातरी द्यावं लागेल.

झेनॉनचा प्रयोग जास्त नेमका. झेनॉनचे काही अणू रासायनिकदृष्ट्या अगदी जुळे, पण त्यांच्या केंद्रकात ‘स्पिन’ नावाचा क्वांटम गुणधर्म असतो किंवा नसतो. २०१८ मध्ये छापलेल्या एका प्रयोगात स्पिन असलेल्या झेनॉनने उंदरांना भूल कमी चढली. भुलेचा मामला निव्वळ रसायनाचा असता, तर एवढ्याने फरक पडायला नको होता. प्रयोग लहान आहे. तो इतर ठिकाणी, जास्त उंदरांवर, पुन्हा जमला तर मात्र टीकाकारांना खुर्चीत सरळ बसावं लागेल.

दुसऱ्या टोकाला गुरुत्वाचा भाग. इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली सुमारे १४०० मीटर खडकाच्या आड एक प्रयोगशाळा आहे. वस्तूंच्या अवस्था गुरुत्वाने आपोआप कोसळत असतील, तर त्यातून हलकेसे किरण निघायला हवेत. ते शोधले, सापडले नाहीत. त्यामुळे या कल्पनेची सर्वांत साधी आवृत्ती बाद झाली. आपली आवृत्ती वेगळी असल्याने वाचते, असं पेनरोझ यांच्या बाजूचं म्हणणं आहे.

समजा, खरंच निघालं तर?

डोळे मिटून कैरीची फोड आठवा, तिखटमीठ लावलेली. तोंडाला पाणी सुटलं असेल. ते का सुटलं, कुठली नस चेतवली गेली, हे शास्त्र सांगू शकतं. पण त्या आंबटपणाचा जो *अनुभव* आहे, तो का आहे? सगळ्या नसा अंधारातच आपापलं काम करून मोकळ्या का होत नाहीत? तत्त्वज्ञ डेव्हिड चाल्मर्स यांनी १९९० च्या दशकात या प्रश्नाचं नाव ठेवलं, ‘अवघड प्रश्न’.

उद्या सूक्ष्मनलिकांतली सुपरपोझिशन सापडली, असं धरू. ती कोसळली. मग त्या कोसळण्याला आंबट का *वाटावं*? नसेने निरोप देण्यातून अनुभव कसा निघतो हे जितकं गूढ, तितकंच हेही. पेनरोझ-हॅमरॉफ यांचं उत्तर असं, की अनुभवाचं बीज विश्वाच्या मुळाशीच आहे. हे उत्तर असेलही, पण ते सूक्ष्मनलिकांतून निघत नाही, वरून जोडावं लागतं. गूढ दोन आहेत म्हणून ती एकच असतील, असं नाही. आमच्या गल्लीत दोन घरांना कायम कुलूप असायचं. मालक एकच असेल, असं आम्हा मुलांना वाटायचं. नव्हता.

क्वांटम नसलेल्या सिद्धान्तांनीही अजून दिवे लावलेले नाहीत, हेही सांगून टाकतो. मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टोफ कॉख यांनी १९९८ मध्ये चाल्मर्स यांच्याशी पैज लावली होती : पंचवीस वर्षांत मेंदूतली जाणिवेची नेमकी खूण सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला भर सभेत कॉख यांनी हार मान्य केली आणि वाइनच्या बाटल्या चाल्मर्स यांच्या हवाली केल्या.

‘पण आपल्या ऋषींना हे आधीच ठाऊक होतं ना?’

क्वांटमचं मूळ समीकरण मांडणाऱ्या एर्विन श्रोडिंगर यांना उपनिषदांची मनापासून ओढ होती, ही ऐकीव गोष्ट नाही. जाणीव एकच आहे, अनेक वाटते ती माया, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. पण ते समीकरण टिकलं ते हायड्रोजनच्या प्रकाशाशी आकडे जुळले म्हणून. अद्वैताला समीकरणाची साक्ष लागत नाही आणि समीकरणाला अद्वैताची. दोघांना एकमेकांच्या कोर्टात उभं केलं, की दोघांचाही अपमान होतो.

‘क्वांटम ऊर्जा’ शिबिरांबद्दल फार लिहीत नाही. एकदा एका हॉलबाहेरच्या टेबलावर मी विचारलं होतं, ‘काय दिसलं, तर तुम्ही म्हणाल की आमचं चुकलं?’ समोरच्याने पावतीपुस्तक पुढे केलं. हॅमरॉफ यांच्याकडे निदान उंदीर आहेत.

हे सगळं मी आत्याला एका रविवारी फोनवर सांगितलं, यापेक्षा बरंच कमी शब्दांत. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग म्हणाली, ‘म्हणजे सिद्ध झालेलं नाही.’

‘नाही झालेलं. आणि ते लोक जे तपासतायत ते आत्म्याचं नाहीच, आत्या. जिवंत मेंदू चालतो कसा, तेवढंच.’

‘हं.’ थोडा वेळ पलीकडून फक्त कुकरची शिट्टी ऐकू आली. ‘आणि ते उंदीर? त्यांना शुद्ध आली ना परत?’